भोंग्याच्या गालातली काळी वडी

"मीठ घातलंयस."

"नाही घातलं, ताई."

"जीभ माझी आहे की तुझी?"

"तुझीच. अख्ख्या बस स्थानकाला माहीत आहे ती कुणाची आहे ते."

थोरलीने ताट असं ढकललं की वाटीतली डाळ टेबलभर झाली. धाकटीने फडकं घेतलं. त्या डाळीत मिठाचा कणही नव्हता, आणि येणार तरी कुठून? मिठाची बरणी थोरलीच्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली थोरलीच्या गळ्यातल्या साखळीत. पण संशयाला कुलूप-किल्लीचं काय कौतुक?

थोरली बस स्थानकात गाड्यांची घोषणा करायची. फलाटांच्या वर काचेची खोली, खोलीत एक खुर्ची, एक माईक, एक कुरकुरणारा पंखा आणि ही. ड्रायव्हर मंडळी तिला भोंगा म्हणायची, अर्थात ती ऐकत नसताना. आवाज मात्र असा की गाडीच्या टपावर झोपलेला हमालसुद्धा उठून बसावा. गाड्यांची नावं सांगून झाली की ती माणसांकडे वळायची. "निळी टोपी घातलेले गृहस्थ, फलाट तीन. सालं खाली टाकलीत, ती उचला. इकडे तिकडे बघू नका, तुम्हीच." गृहस्थ वाकायचे. काचेमागे थोरली समाधानाने गालातली वडी या गालातून त्या गालात ढकलायची.

ती ज्येष्ठमधाची काळी वडी. धाकटीनेच लावलेली सवय. नवऱ्याशी काडीमोड घेऊन ती शिलाई मशीन आणि एक बॅग घेऊन घरमालक टायरवाल्याच्या दुकानावरच्या या दोन भाड्याच्या खोल्यांत आली, तेव्हा थोरलीचा घसा बसला होता आणि राग उभा होता. "आलीस? ये. जिना पुसून वर ये." दुसऱ्या दिवशी धाकटीने कोपऱ्यावरच्या गोळ्या-बिस्किटवाल्याकडून काळ्या वड्यांची पुडी आणली. थोरलीने एक तोंडात टाकली, डोळे बारीक केले.

"हे काय, डांबर?"

"घशाला बरं असतं म्हणे."

"म्हणे," असं म्हणत थोरलीने दुसरी उचलली.

धाकटीला स्वतःला ती चव चपलेच्या तळव्यासारखी लागायची. थोरलीची मात्र तंद्री लागायची. आधी कडवट, मग दाताखाली चिवट, आणि मग जिभेच्या मुळापाशी हळूहळू उतरणारा तो काळोखी गोडवा. साखरेसारखा उथळ नाही, घशात मुक्काम करणारा. "साखर पोरांसाठी," ती म्हणायची, "ही शहाण्या माणसांची गोडी आहे." एकदा माईक बंद करायचा राहिला आणि अख्ख्या स्थानकाने तिचं चघळणं ऐकलं. दुसरी कुणी लाजेने मेली असती. हिने चघळून संपवलं आणि माईकवरच विचारलं, "कुणाला काही अडचण?"

त्या पुडीची पुढे पिशवी झाली. घरात तेवढी एकच वस्तू होती, जी धाकटीने दिली आणि थोरलीने नाव न ठेवता घेतली. म्हणून धाकटी ती कधी चुकवायची नाही. उसवलेल्या पँटी शिवून हातात काही पडलं की आधी काळ्या वड्या, मग दोरा.

मग स्थानकाच्या डॉक्टरांची वार्षिक तपासणी आली आणि थोरलीचा रक्तदाब आभाळाला टेकला. डॉक्टर म्हणाले, मीठ बंद. दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी, तोपर्यंत दाब उतरला नाही, तर माईक सोडायचा आणि खाली पार्सलच्या खोलीत बसायचं.

"पार्सल," थोरली घरी येऊन म्हणाली. "मला. गाठोड्यांना चिठ्ठ्या चिकटवायला."

"नाही बसावं लागणार. मीठ सोडू आपण."

"आपण? दाब माझा, आणि आपण?"

पण सोडलं दोघींनी. एका घरात दोन भाज्या कोण करणार? अन्न असं बेचव झालं की घास तोंडात फिरत राहायचा. थोरली अर्ध्या ताटावरून उठायची आणि तोंडाला काहीतरी हवं म्हणून पिशवीत हात घालायची. पिशवी लवकर संपायला लागली. तिचं जेवण कमी झालं, निदान हे तरी आवडीने खाते, म्हणून धाकटीही लवकर नवी आणायला लागली.

दुसऱ्या तपासणीत दाब आणखी चढलेला निघाला. डॉक्टरांनी औषध वाढवलं आणि एक शेवटची मुदत दिली.

त्या संध्याकाळी थोरलीने चप्पलही काढली नाही. "तू चोरून मीठ घालतेस."

"कुठलं मीठ? किल्ली तुझ्या गळ्यात आहे."

"शेजारणीकडून आणत असशील."

"मला काय मिळणार त्यातून?"

"खोल्या. मी पार्सलमध्ये कुजत बसले किंवा मेले, की तू इथे राणी. नवरा सांभाळता आला नाही, आता बहिणीचं घर सांभाळणार."

धाकटी मशीनवर होती. तिचा पाय थांबला. "ताई, तोंडाला येईल ते बोलू नकोस."

"येईल ते नाही, आहे ते बोलतेय. पुढच्या वेळी आकडा उतरला नाही, तर बॅग भर. जशी आलीस तशी जा."

धाकटी कुठे जाणार होती? माहेर म्हणावं असं घर उरलं नव्हतं, सासर तिने स्वतःच्या पायाने सोडलं होतं. तिच्या डोक्यावरचं छप्पर आता थोरलीच्या दंडाला बांधलेल्या त्या हवेच्या पट्ट्यावर लटकत होतं. ती भाज्या धुवायची ती तीनतीनदा, जणू त्यांच्या अंगातलंही मीठ निघून जावं. आणि थोरलीचं डोकं थंड राहावं म्हणून वड्यांची पिशवी भरलेली ठेवायची.

थोरलीचे घोटे सुजले. जिना चढताना ती मधेच थांबायची आणि जिन्याला शिव्या द्यायची. एका दुपारी धाकटी डबा घेऊन काचेच्या खोलीत गेली, तर खाली दोन गाड्या सुटायच्या बेतात, ड्रायव्हर वर बघताहेत, आणि थोरली माईकच्या बटणाकडे नुसती पाहतेय.

"दाब ना."

"दाबतेय," थोरली म्हणाली. बोट हलत नव्हतं. "छातीत काहीतरी फडफडतंय. बघत काय उभी राहिलीस? बोलाव कुणाला."

ड्रायव्हरांनी तिला खुर्चीसकट खाली उतरवलं. ती वाटेत त्यांना कोपरे सांभाळायला सांगत होती.

इस्पितळात डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि दमलेल्या होत्या. रक्ताचा अहवाल हातात धरून त्यांनी विचारलं, "पोटॅशियम फारच खाली गेलंय. खाण्यात काय असतं?"

"हिला विचारा," थोरली खाटेवरून म्हणाली. "मला मीठ घालून मारतेय ही. सख्खी बहीण आहे, लिहून घ्या."

"मिठाने दाब चढेल, पण पोटॅशियम असं तळाला जाणार नाही. जीभ दाखवा."

"जीभ कशाला?"

"दाखवा तर."

थोरलीने जीभ काढली. ती शाईच्या दौतीत बुडवल्यासारखी काळी होती.

"ज्येष्ठमध खाता?"

"दोन-चार वड्या. घशासाठी."

"पिशवी," धाकटीच्या तोंडून निघून गेलं. "तीन दिवसांत एक पिशवी संपते."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढली. "ऐका. ज्येष्ठमधातलं एक द्रव्य शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर घालवतं. दाब चढतो, अंग सुजतं, स्नायू लुळे पडतात, हृदयाचे ठोके चुकतात. कधीतरी एखादी वडी खाल्ली तर बहुतेकांना काही होत नाही. पण रोज पिशवीत हात, तोही चाळिशी उलटल्यावर, आणि दाब असताना? तुम्ही अळणी जेवत होतात आणि वरून हे खात होतात. आजपासून बंद. उतरायला काही आठवडे लागतील." त्या उठल्या. "आणतं कोण एवढं?"

थोरलीची मान बहिणीकडे वळली. मग धाकटी म्हणाली, "मी."

थोरली उशीवर मान टाकून हसायला लागली. नाकात नळी, हाताला सुई, आणि हसणं असं की शेजारच्या खाटेवरची म्हातारी जागी झाली.

"बघितलंत? मी म्हणत नव्हते? मीठ नसेल, पण मारत हीच होती. मी कधी चुकत नाही."

पुढचे दिवस तिने ही बातमी वॉर्डभर घोषणेसारखी दिली. नर्सला, सफाईवाल्याला, भेटायला आलेल्या ड्रायव्हरांना. "माझी बहीण. विष घालत होती. प्रेमाने हं, प्रेमाने." धाकटी बाजूला उभी राहून केळी सोलायची, कारण केळी द्यायला सांगितलं होतं. चोर सापडला होता आणि तो चोर आपण स्वतःच होतो, याचा तिला एवढा धक्का बसला होता की टोमणे लागायचेच नाहीत. नंतर नंतर लागायला लागले.

शेवटच्या तपासणीत दाब उतरला. थोरली स्थानकातून परतली ती पायऱ्या दणाणत. "माईक माझाच. पार्सलवाल्याला सांगितलं, तुझी गाठोडी तूच सांभाळ." मग तिला दाराशी बॅग दिसली. मशीनवरही झाकण बसलेलं.

"हे काय? आकडा तर उतरला."

"उतरला नाही तर जा म्हणालीस. उतरला तर काय, ते बोलली नव्हतीस. ते मी ठरवलं. आजारात सोडून गेले असते तर तू ते माईकवरून सांगितलं असतंस."

"सांगितलंच असतं. कुठे निघालीस?"

"गल्लीच्या टोकाला खोली आहे. अंधारी आहे, पण तिथे आकडा चढला की मला हाकलणारं कुणी नाही."

"आणि माझं जेवण?"

"तुझं तू."

थोरली खुर्चीत बसली. "मी कुणाला थांब म्हणत नाही. मी गाड्या सुटल्याचं सांगते."

"माहीत आहे. म्हणून मी तुझ्या थांब म्हणण्यावर राहणारच नाहीये. राहायचं तर या खोल्या दोघींच्या, आणि हे घरमालकाला सांगायचं. आत्ता. परत कधी 'बॅग भर' म्हणालीस तर कुणी कुणाची भरायची ते मग बघू."

"मला मारायला निघालेली बाई मलाच अटी घालतेय."

"हो."

खाली टायरवाल्याच्या हातोडीचे ठोके चालले होते. थोरली उठली, खिडकी उघडली, घसा खाकरला.

"लक्ष द्या. खाली टायरवाले, घरमालक, वर बघा. आजपासून या खोल्या दोघी बहिणींच्या. माझ्या आणि धाकटीच्या. पुन्हा सांगणार नाही. आणि रस्त्यातले ते टायर उचला, लोकांनी चालायचं कुठून?"

शेवटच्या शब्दाला तिचा आवाज चिरकला. खाली हातोडी थांबली. टायरवाल्याने मान वर करून हात हलवला आणि टायर उचलायला लागला.

"घसा बसलाय तुझा," धाकटी मशीनचं झाकण काढत म्हणाली.

"कुणामुळे?" थोरली म्हणाली.