गुसलवाल्या खालाचा सब्र

मोहल्ल्यात कुठल्याही घरची बाई गेली की आधी खालाला बोलावणं जाई, मग नातेवाइकांना. बायकांच्या मयतीला गुसल, म्हणजे शेवटची आंघोळ, घालायचं काम ती ऐन तारुण्यात विधवा झाल्यापासून करत आली होती. बोरीची पानं घालून उकळलेलं पाणी पुरेसं निवलं का, हे ती कोपर बुडवून बघे. मेलेल्याला कसला चटका बसतोय, असं कोणी म्हटलं तर त्याची खैर नसे. उजवं अंग आधी, डावं नंतर, शेवटच्या पाण्यात कापूर. हात असा हलका, की निजलेलं मूलही जागं होऊ नये.

जीभ मात्र कडक. रडणाऱ्या बाईला ती त्या खोलीत उभं करत नसे. आसवं अंगावर पडली तर मयतीला त्रास होतो, अल्लाहनं दिलं, त्यानंच नेलं, सब्र करा, हे ती अशा ठसक्यात सांगे की हुंदके जागच्या जागी जिरत. परदुःख शीतल म्हणतात ते काही खोटं नाही. बायका घाबरून गप्प होत, आणि खालाला वाटे, आपण त्यांना सावरलं.

मग तिची नात गेली. नुकती अक्षरं गिरवू लागलेली पोर. तापानं फणफणली आणि उतारच पडला नाही. खालानं स्वतः पाणी तापवलं. सून तांब्या घेऊन उभी राहिली. लेकीला शेवटचं पाणी मी घालणार, एवढंच म्हणाली. पण तांब्या कलंडायच्या आधीच तिचे डोळे भरून आले. खालानं तिच्या हातातून तांब्या काढून घेतला, तिला दाराबाहेर केलं आणि आतून कडी लावली. आतलं काम नेहमीसारखंच नीटनेटकं झालं.

भेटायला आलेल्या बायका खालाला सब्रचा डोंगर म्हणाल्या. डोंगराचं काय, तो उभाच असतो. सून मात्र त्या दिवसापासून मिटून गेली. स्वयंपाक करी, भांडी घाशी, नवऱ्याचा डबा भरी, आणि स्वतः दोन घास खाऊन ताटावरून उठे. हाक मारली की ‘हो अम्मी’, त्यापुढे शब्द नाही. कपडे अंगावर लोंबू लागले. शेवटी मुलगा आईला म्हणाला, ही पण हातची जाणार. तेव्हा कुठे खालाचं सुनेकडे लक्ष गेलं.

नजर लागली असेल असं ठरवून ती बाटलीत पाणी घेऊन मौलवींकडे गेली. दुआ पढून फुंकून द्या म्हणाली. मौलवी तिच्या मुलाच्या वयाचे, बोलायला मऊ. त्यांनी विचारलं, सून रडली का? एक थेंब नाही, असं खालानं मोठ्या अभिमानानं सांगितलं. मौलवींनी बाटली बाजूला ठेवली. मग त्यांनी सांगितलं की पैगंबरांचं तान्हं बाळ अखेरचे श्वास घेत होतं, तेव्हा तेसुद्धा रडले होते. छाती बडवू नये, अल्लाहला दूषणं देऊ नयेत, एवढंच.

“डोळ्यांतलं पाणी रहमत आहे, अल्लाहची दया आहे, खाला. ते अडवणं म्हणजे सब्र नव्हे.”

खालानं हे कधी ऐकलंच नव्हतं असं नाही. लहानपणी ऐकलं होतं. पुढे कामाच्या धबडग्यात सोयीचं तेवढं लक्षात राहिलं. बाटली तिथेच विसरून ती निघाली. वाटेत तिला एकेक घर आठवत होतं, गप्प केलेलं एकेक तोंड आठवत होतं.

सून तांदूळ निवडत होती. खाला तिच्या शेजारी जमिनीवर बसली आणि मौलवी म्हणाले ते सगळं तिनं सांगितलं. चूक माझी झाली, असंही म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाली.

“रड, बेटा. मोकळी हो.”

सुनेनं ताट बाजूला सरकवलं. आवाज चढवला नाही.

“मी रडायला आत आले नव्हते, अम्मी. तिला पाणी घालायला आले होते.”

ती पोर आता मातीआड होती, आणि ती आंघोळ पुन्हा कोणालाच घालता येणार नव्हती. ओढणी तोंडाला लावून खाला ढसाढसा रडू लागली. सुनेनं तांदळाचं ताट पुन्हा पुढे ओढलं.