सूर्यघड्याळाची दुरुस्ती

चहाचा कप आधी खाली ठेवा. नंतर शर्टावर सांडला तर माझ्या नावानं ओरडू नका. कारण मी जे करून बसलो ते ऐकून माझी बायको अजून मध्येच हसत सुटते. मी एके दिवशी, भर सकाळी, चारचौघांसमोर, सूर्याची चूक काढली!

बाभुळगावात माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. सोबतीला रोजनिशीचा नाद. कुणी शिकवला नाही, आपोआप लागला. काय पाहिलं, किती वाजता पाहिलं, सगळं वहीत उतरवायचं. त्या दिवशी सुटे भाग आणायला यवतमाळला गेलो. तिथलं सुट्या भागांचं दुकान अकराला उघडणार होतं. मग वेळ काढायला जवळच्या इंग्रजांच्या काळातल्या बागेत शिरलो.

काय बाग हो! बिडाचं भलंमोठं फाटक. मध्ये आठ खांबांचा बँडस्टँड, पूर्वी तिथं गोऱ्या साहेबांचा बँड वाजायचा म्हणे. पुढं कोरडं कारंजं, त्यावर चार दगडी सिंह. मी सिंहांचे दातसुद्धा मोजले. मोजू नये का?

आणि बँडस्टँडच्या मागे ते दिसलं. कमरेइतका दगडी चौथरा, त्यावर चौकोनी पितळी तबकडी, रोमन आकडे आणि मध्ये तिरकी पाती. सूर्यघड्याळ! पातीची सावली ज्या आकड्यावर, तितके वाजले.

मी मनगटावर पाहिलं. दहा वाजून दहा मिनिटं. सकाळीच रेडिओशी मिळवलेलं घड्याळ, शंकेला जागाच नाही. सावली मात्र दहाच्याही मागे! अर्धा तास मागे!

आता आमच्या धंद्यात घड्याळ मागे पडलं की त्याचा एकच अर्थ. बिघाड.

बाजूला देवराव माळी गुलाबाला पाणी देत होता. मी आधी त्याचं नाव विचारलं, मग मुद्द्यावर आलो.

"देवरावभाऊ, हे तुमचं घड्याळ अर्धा तास मागं आहे."

"असन, भाऊ. माह्या बापाच्या वेळेपासून असंच हाय."

"आणि इतकी वर्षं कुणी दुरुस्त नाही केलं?"

"कायले कराचं? त्याले चावी तं नाही लागत!" मग तो जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "पाहा भाऊ, चार महिन्यांनी मी रिटायर होऊन राह्यलो. साहेबानं सांगतलं, याले काही झालं तं तुह्यी पेन्शन अडकली समज. आज शाळेच्या बाई येऊन राह्यल्या, पोरींना घेऊन. दरसाल येतात हेच पाहाले."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. बसलो का?

"अहो, मग तर झालंच! शाळेसमोर चुकीची वेळ दाखवणार? दुरुस्त करून ठेवू. बाई तुमचं नाव साहेबांना सांगतील. पेन्शन सोडा, सत्कार होईल तुमचा!"

सत्कार म्हटल्यावर देवराव विरघळला. पंपाचा पाना घेऊन आला. तबकडीला लांबट खाचांत बसवलेले चार बोल्ट, चारही गंजलेले. मी पिशवीतलं तेल सोडलं, फुंकर मारली, धीर धरला. घाई करणारा माणूस घड्याळजी होत नाही. तेवढ्यात फिरायला आलेले जोशीकाका थांबले. निवृत्त कारकून, त्यामुळे सल्ला देणं ही त्यांची जबाबदारीच.

"काहून हो, काय करून राह्यले?"

"घड्याळ मागं आहे काका. पुढं करतोय."

"शाब्बास! या गावात कोणाले तरी वेळेची किंमत हाय!"

तबकडी हळूच फिरवली. आणखी थोडी. सावली बरोबर माझ्या घड्याळाशी जुळली. काकांनी टाळ्या वाजवल्या. देवरावनं गुलाबाचं फूल तोडून तबकडीवर ठेवलं. मीही, खोटं कशाला बोलू, छाती थोडी पुढं काढूनच उभा राहिलो.

पावणेअकराला भूगोलाच्या बाई आल्या. मागे सातवीच्या मुली, हातात वह्या. बाईंनी सावली पाहिली, मनगट पाहिलं, परत सावली पाहिली.

"अगं बाई! हे बरोबर वेळ कसं काय दाखवतंय?"

"या भाऊंनी दुरुस्त केलं!" जोशीकाका अभिमानानं म्हणाले.

बाई माझ्याकडे वळल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी हळू आवाजात बोलल्या.

"दादा, ते बरोबर वेळ दाखवतंय म्हणजेच बिघडलंय."

मग त्यांनी मला, मुलींच्या रांगेत उभं करून, समजावलं. आपल्या मनगटावरची वेळ साऱ्या देशाची, तिकडे मिर्झापूरजवळच्या रेघेवरून धरलेली. सूर्य आधी तिथं माथ्यावर येतो, मग आपल्याकडे. त्यातून हा माघ महिना, या दिवसांत त्याची चाल आणखी मागे. असा मिळून अर्धा तास.

"तो अर्धा तास मोजायलाच आम्ही दरवर्षी येतो," बाई म्हणाल्या. "आता काय मोजू?"

देवरावच्या हातातला पाइप खाली पडला. "भाऊ... माही पेन्शन?"

मी चौथऱ्यावर ओणवा होऊन पाहू लागलो. नशीब, तबकडीची जुनी कड जिथं टेकायची तिथं दगडावर फिकट रेघ उमटली होती. पुन्हा पाना, पुन्हा तेल. मी केसाएवढी केसाएवढी तबकडी मागे आणली. बाई वाकून रेघ बघत होत्या, मुली श्वास रोखून. देवराव डोळे मिटून उभा होता.

"थांबा! जुळली!"

मुलींनी सावली टिपली, घड्याळ टिपलं, वजाबाकी केली. अर्धा तास आला. बाईंनी वहीचं पान फाडून साहेबांसाठी चिठ्ठी लिहिली: सूर्यघड्याळ सुस्थितीत आहे. देवरावनं ती दोनदा घडी करून खिशात ठेवली.

जोशीकाकांना मात्र राहवेना. "बरं झालं, शिडी नव्हती! नाहीतं यायनं वर चढून सूर्यालेच पाना लावला असता!"

महिन्याभरानं पुन्हा यवतमाळला गेलो, तेव्हा बागेत डोकावलो. सूर्यघड्याळाभोवती तारेची जाळी, वर कुलूप. झाडावर माकडांची टोळी बसली होती.

"छान केलंत देवरावभाऊ," मी म्हणालो. "माकडांसाठी बांधली का?"

"नाही भाऊ," देवराव पाणी देता देता म्हणाला. "माकडं तं पहिलेपासून हायेत. त्यायनं कधी हात नाही लावला."