वस्तादांचं मनगट

आमचे वस्ताद आधी मारायचे आणि मग शिकवायचे. हलगीवर एक ठोका चुकला की त्यांच्या हातातलं टिपरू थेट माझ्या बोटांवर. मी कळवळलो की म्हणायचे, "बोंबलतोस कशाला रं? हलगी दिसभर मार खाती, रडती का कवा?" असला खत्रूड माणूस मी जगात पाहिला नाही. आणि आता मी अर्धं जग पाहिलंय!

इस्लामपूरजवळच्या आमच्या गावात कुस्त्यांच्या मैदानात तेच वाजवायचे. एकदा मैदानात काठ्या चालल्या. भिरकावलेला दगड वस्तादांच्या कपाळावर बसला, डोळ्यांत रक्त उतरलं, तरी हात थांबेना. मी ओरडलो, "वस्ताद, पळा!" तर माझ्याच पेकाटात लाथ. "कुस्ती सुटली न्हाई अजून. वाजीव!" मी वाजवलं. खरं सांगतो, त्या दिवशी मला हलगी आली.

माझा बाप फौजेतून निवृत्त झालेला, उसाचा बागायतदार. पाटलाचं पोरगं गावकुसाबाहेर वस्तादांच्या वस्तीवर जाऊन हलगी शिकतंय हे कळल्यावर त्याचं टाळकंच सटकलं. एका सकाळी दोन चुलत्यांना घेऊन तो वस्तीवर आला. चुलत्यांनी वस्तादांना खाली दाबलं. "ह्योच हात शिकवतोय न्हवं?" म्हणत बापानं त्यांच्या उजव्या मनगटावर पहारीचे दोन घाव घातले. हाड मोडलेलं मी चार पावलांवरून ऐकलं.

सांगलीच्या दवाखान्यात हवालदारानं विचारलं, "कुणी मारलं?" वस्तादांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली.

"बांधावरनं पडलो, सायेब," ते म्हणाले.

हवालदार गेल्यावर मी रडायला लागलो तर खेकसले, "गप! तुजा बा आत गेला तर तुला घरातनं सोडतील व्हय? मग वाजवील कोन?"

त्यांची हलगी कायमची सुटली. पण मी चोरून जायचो आणि ते तोंडानं ठेके सांगायचे. चुकलो की डाव्या हातानं कानफटात. त्या शिकवणीवर मी आधी पुण्याला गेलो, मग पॅरिसला, टोकियोला. तिथं एका मराठी वाहिनीनं गुरूंबद्दल विचारलं. मी बेशरमपणे सांगून टाकलं की वस्ताद बांधावरून पडले आणि हात गेला.

गावी आलो तेव्हा त्यांनी ते मोबाईलवर पाहिलं होतं. मार बसणार म्हणून मी गाल पुढं केला. त्यांनी हातसुद्धा उचलला नाही. म्हणाले, "गड्या, पडलो म्हनायचा हक माजा हुता. तुजा न्हवं."

लाज वाटली. इतकी, की पाया पडायलाही वाकवेना.

त्याच महिन्यात ते गेले. पुढचा कार्यक्रम लंडनला होता आणि आमच्या गावात घरोघरी मोबाईलवर दिसत होता. बापही बघत बसला होता. वाजवायच्या आधी मी माइक घेतला आणि मराठीतच बोललो, "माझ्या वस्तादांचा हात माझ्या बापानं मोडला. मी तिथंच उभा होतो."