दीक्षाने उघडलेल्या दोनशे सतरा फायली

दीक्षाचं आडनाव सर्वगोड. तिचा राग ज्यांनी पाहिला होता त्यांना या आडनावाचं हसू यायचं. ती चिडली की ओरडत नसे, टेबल आपटत नसे. गप्प व्हायची, आणि कीबोर्डवर तिची बोटं अशी पडायला लागायची की शेजारच्या टेबलावरचा माणूस चहाच्या निमित्ताने उठून जायचा.

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका कार्यालयात ती कंत्राटी ऑपरेटर होती. कॉलेजात शिकणाऱ्या मुलींच्या वसतिगृहाचे अर्ज तिथे तपासले जात. घर बुधवार पेठेत. वडील नागनाथ महापालिकेच्या दिवाबत्ती खात्यातून निवृत्त झालेले. दीक्षाने पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केला होता आणि पायथन मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून स्वतःच शिकली होती. कार्यालयात याची कुणाला गरज नव्हती. तिथे तिचं काम एवढंच: मुलीचा अर्ज उघडायचा, जोडलेला दाखला उघडायचा, उघडला तर पुढे पाठवायचा. पडद्यावर लाल अक्षरांत ‘फाईल खराब आहे’ असं आलं तर ‘नामंजूर’चं बटण दाबायचं. बटण दाबलं की मुलीच्या फोनवर मेसेज जायचा, ‘आपले कागदपत्र अवैध असल्याने अर्ज नामंजूर करण्यात येत आहे.’

त्या वर्षी ऑगस्टमध्ये तिने हे बटण दोनशे सतरा वेळा दाबलं. बरं वाटत नव्हतं, पण दाबलं.

मग एका सकाळी मंगळवेढ्याकडच्या एका वाडीतून बिरुदेव आला. मेंढरं राखणारा माणूस. पहाटेच्या एसटीने निघालेला, बगलेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद, आणि मागे त्याची मुलगी ऋतुजा. तो थेट दीक्षाच्या टेबलापाशी उभा राहिला.

“म्याडम, अवैध म्हंजी काय वो? खोटं?”

“खोटं नाही. चालत नाही, असं.”

“मग तसं लिवायचं की. मेसेज वाचून गावात लोक म्हंत्यात, बिरुदेवानं खोटा दाखला काढला. ह्यो बगा. तहसीलचा शिक्का हाय का न्हाय?”

शिक्का होता. सही होती. दाखला पूर्ण खरा होता.

“मी तीनदा अपलोड केला, मॅडम,” ऋतुजा म्हणाली. “तिन्ही वेळा साइटवर हिरवी खूण आली.” तिला बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता. राहायला जागा मिळाली नाही तर तो सोडावा लागणार होता. वाडीतून रोज सोलापूर करणं शक्य नव्हतं.

दीक्षा दोघांना घेऊन हत्तरकी साहेबांच्या केबिनमध्ये गेली. शिवराज हत्तरकी कार्यालयाचे प्रमुख. त्यांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

“मुदत संपली. फाईल नीट चढवायची जबाबदारी अर्जदाराची असते.”

“साहेब, साइटने घेतली होती फाईल.”

“घेतली म्हणजे चालली, असं नाही. आता खेड्यातल्या पोरींना पीडीएफ म्हणजे काय तेच कळत नाही, त्याला आपण काय करायचं?”

ऋतुजा खाली बघत राहिली. बिरुदेवने पिशवीची गाठ उगाचच सोडून पुन्हा बांधली. दीक्षाला शाळेतले एक गुरुजी आठवले. ‘तुमच्यातल्या पोरांना’ अशी वाक्याची सुरुवात करायची त्यांना सवय होती. तिचं तोंड बंद झालं. बापलेकीला व्हरांड्यातल्या बाकावर बसवून ती जागेवर आली. तिच्या चेहऱ्याकडे बघून शेजारचा माणूस चहाला गेला.

जेवणाच्या सुट्टीत तिने डबा उघडलाच नाही. नामंजूर झालेल्या दोनशे सतरा फायलींच्या प्रती एका फोल्डरमध्ये काढल्या आणि पायथनमध्ये पंचवीसेक ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. फाईलच्या नावापुढे .pdf लिहिलेलं असतं, ते नुसतं वरून चिकटवलेलं लेबल. कुणीही काहीही चिकटवावं. पण फाईल नेमकी कोणत्या जातीची आहे, याची खूण तिच्या पोटात, अगदी सुरुवातीच्या काही बाइटमध्ये असते. खरी पीडीएफ ‘%PDF’ या अक्षरांनी सुरू होते. जेपीजी फोटोचे पहिले तीन बाइट ठरलेले असतात. पीएनजी चित्रात दुसऱ्या बाइटपासून PNG हीच अक्षरं सापडतात. दीक्षाचा प्रोग्रॅम नावाकडे बघतच नव्हता. एकेक फाईल उघडायची, सुरुवातीचे बाइट वाचायचे, खुणा ताडून बघायच्या आणि सापडेल ते छापायचं.

चालवल्यावर दोन सेकंदांत यादी आली. एकशे चौसष्ट फायली साधे फोटो होत्या.

तिने एका प्रतीचं नाव बदलून शेवटी .jpg लिहिलं आणि उघडली. दाखला स्वच्छ दिसला, शिक्क्यातली अक्षरंसुद्धा वाचता येत होती. दुसरी उघडली, तिसरी उघडली. सगळ्या ठीक. मग तिने स्वतःच्या मोबाईलवरून साइटवर एक फोटो चढवून पाहिला आणि तिला कळलं. मोबाईलवरून काहीही दिलं तरी साइट स्वतःच त्याला .pdf असं नाव लावत होती. तपासणीचं सॉफ्टवेअर त्या नावावर विश्वास ठेवून फोटोला पीडीएफ म्हणून उघडायला जायचं आणि ‘खराब’ म्हणून सांगायचं. मुलींनी काहीही चुकवलेलं नव्हतं.

यादीत त्यांच्याखालच्या अडतीस फायली आणखी विचित्र होत्या. त्यांची सुरुवात वेबपेजसारखी होती. दीक्षाने एक उघडली. आत दाखला नव्हता. एक ओळ होती, ‘सर्व्हर व्यस्त आहे. कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा.’

ती ओळ तिने तीनदा वाचली. काही मुलींनी दाखला चढवण्याऐवजी त्याचा क्रमांक भरला होता, तशी सोय होती. साइटने तो क्रमांक घेऊन दुसऱ्या सर्व्हरवरून दाखला आणायचा होता. सर्व्हरने दिला नाही. मग साइटने ती नकाराची ओळच मुलीचा दाखला म्हणून साठवली, वर हिरवी खूण दाखवली, आणि दोन महिन्यांनी तिला कळवलं की तुझं कागदपत्र अवैध आहे.

तिने साइट बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाला फोन लावला. अभिमन्यू त्याचं नाव, बसायला पुण्यात.

“हो मॅडम, तो नोन इश्यू आहे,” तो म्हणाला. “पुढच्या व्हर्जनमध्ये घेतलाय.”

“कधीपासून माहीत आहे?”

“जूनपासून असेल.”

“आणि मुलींना अवैध म्हणून मेसेज जातायत, ते?”

“मजकूर तुमच्याच ऑफिसने मंजूर केलाय, मॅडम.”

तिने फोन ठेवला.

यादीत शेवटी पंधरा फायली उरल्या. त्यांची खूण कशाशीच जुळत नव्हती. त्यांच्यासमोर दीक्षाने ‘खरोखर खराब’ लिहिलं आणि बाहेर आली, कारण त्या पंधरांत ऋतुजाची होती.

“बाकीच्यांचा दोष साइटचा आहे,” ती म्हणाली. “पण तुझी फाईल खरंच खराब आहे गं.”

ऋतुजाने फोन काढला. “माझ्याकडं तर उघडते की. ही बघा. हीच चढवली होती.”

उघडली. दाखला समोर होता.

दीक्षाने ती फाईल स्वतःच्या संगणकावर घेतली आणि आतले बाइट एकेक करून पाहिले. सुरुवातीला दोन कोऱ्या ओळी होत्या आणि मग ‘%PDF’. फोनमधल्या कुठल्यातरी ॲपने त्या घातल्या असाव्यात. कार्यालयाच्या सॉफ्टवेअरला त्या ओळी खपल्या नव्हत्या, आणि दीक्षाच्या प्रोग्रॅमलाही नाही, कारण तो पहिल्या चार बाइटांत खूण सापडली नाही की हात झटकत होता. सकाळपासूनचा सगळा राग उलटून तिच्या अंगावर आला. साहेबांनी खेड्यातली म्हणून मुलीला घालवलं. दीक्षाने पहिली चार अक्षरं बघून घालवलं. पुढे दोन ओळी वाचायचे कष्ट दोघांनीही घेतले नव्हते. आणि वर दीक्षाने ते ऋतुजाच्या तोंडावर सांगितलं होतं.

तिने प्रोग्रॅममधली ती ओळ बदलली. पीडीएफची खूण पहिल्या एक हजार चोवीस बाइटांत कुठेही सापडली तरी चालेल, असं केलं. पंधरातल्या चार सुटल्या. अकरा खरोखरच रिकाम्या होत्या, शून्य बाइट.

“चुकलं माझं,” ती बाहेर येऊन म्हणाली. “तुझी फाईल चांगली आहे.”

बिरुदेव बाकावरून उठला. “चुकलं म्हनालात, लई झालं. हितं दुसरं कोन म्हनत न्हाय.” मग तो मुलीला घेऊन पाचच्या गाडीसाठी स्टँडकडे गेला.

घरी तिने वडिलांना सगळं सांगितलं. नागनाथांनी तीस वर्षं खांबावरच्या दिव्यांसाठी वरिष्ठांशी भांडण्यात काढली होती. ते म्हणाले, “तोंडी काही सांगू नको. टिपण लिही, यादी जोड, दोन प्रती काढ. एकीवर आवकचा शिक्का घे आणि ती घरी आण.”

दुसऱ्या दिवशी तिने तसंच केलं. दुपारी केबिनमध्ये बोलावणं आलं.

“तुम्ही कंत्राटी आहात. फायलींशी खेळायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?” हत्तरकींनी विचारलं.

“खेळले नाही साहेब, वाचल्या. मूळ फायली जिथल्या तिथे आहेत.”

“हे टिपण मागे घ्या. कंपनीशी मी बोलतो.”

“आवक झालंय,” दीक्षा म्हणाली. “मागे घ्यायचं पत्रही मी लिहीन, त्यात कारण लिहीन, आणि त्याचीही आवक करीन.”

हत्तरकींनी पेन खाली ठेवलं. त्यानंतर ते तिच्याशी कामापुरतंसुद्धा बोलले नाहीत.

दहा दिवसांनी सुधारित यादी लागली. दोनशे सहा अर्ज पुन्हा उघडले. ज्या अडतीस जणींची फाईल साइटने गिळली होती, त्यांच्याकडून दाखले नव्याने मागवले. जागा थोड्या उरल्या होत्या, त्यांत एकाहत्तर मुली बसल्या. ऋतुजा बसली. यादीवर कारण छापलं होतं, ‘तांत्रिक कारणास्तव’. कंपनीचं नाव कुठेच नव्हतं. आधीचा मेसेज चुकीचा होता असं मुलींना कळवावं, म्हणून दीक्षाने दुसरं टिपण दिलं. त्यावर शेरा आला, ‘तशी पद्धत नाही.’

मग ती स्वतः फोन करायला बसली. अक्कलकोट तालुक्यातल्या गंगम्माचा फोन तिच्या वडिलांनी, शिवलिंगप्पांनी घेतला. “दाखला परत मागितलाय, पण कॉलेज नाही आता,” ते म्हणाले. “युनिफॉर्मच्या कारखान्यात जाते ती. एक फॉर्म भरता आला नाही तिला. शिकून काय करणार?” फोन बंद झाला. अडतीसांतली होती ती.

शनिवारी दीक्षा पत्ता काढत एमआयडीसीत गेली. जेवणाच्या सुट्टीत गंगम्मा बाहेर आली. ओढणीला निळ्या दोऱ्याचे तुकडे चिकटलेले, वय जेमतेम अठरा. दीक्षाने तिला दारातच सगळं सांगितलं. क्रमांक तू बरोबर भरला होतास. दाखला साइटने आणला नाही. तुझ्या नावावर भलतंच काहीतरी ठेवलं आणि दोष तुला दिला.

“म्हणजे माझी चूक नव्हती, अक्का?”

“नव्हती.”

“अप्पा दोन महिने बोलले नाहीत माझ्याशी.” तिने ओढणीवरचा एक दोरा काढला. “मला हे लिहून द्या. सही करून. नाहीतर ते मानणार नाहीत.”

दीक्षाकडे कार्यालयाचा कागद नव्हता. कारखान्याच्या वॉचमनकडून तिने वहीचं एक पान मागून घेतलं, गेटच्या कठड्यावर टेकवून लिहिलं, खाली पूर्ण नाव आणि तारीख घातली. पेन इतकं दाबून चाललं की पान दोन ठिकाणी फाटलं. गंगम्माने ते घडी करून ओढणीच्या टोकाला बांधलं आणि घंटा झाली म्हणून आत गेली.

डिसेंबरअखेर दीक्षाचं कंत्राट संपलं. बाकी सगळ्या ऑपरेटरांना वर्षभराची मुदतवाढ मिळाली, तिला मिळाली नाही. कारण विचारल्यावर कुणी सांगितलं नाही. पुढच्या जूनमध्ये गंगम्माचा अर्ज आला की नाही, हे बघायला ती तिथे नव्हती. आणि ते आठवलं की अजूनही तिचं तोंड बंद होतं.