पोस्टात टाकलेलं नाव

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मराठीत गोष्ट लिहायची म्हटलं की मला आधी नावांचीच धास्ती वाटायची. वडील जंगलखात्यात, नागभीडच्या बाजूला. सुट्टीत तिथे गेले की शब्दकोशातून नावं आणि त्यांचे अर्थ वहीत उतरवून घ्यायची. त्यातलं एकही माणसाचं वाटत नसे.

आमच्याकडे स्वयंपाकाला एक बाई यायच्या. त्यांची दोन मुलं गेली होती. तिसऱ्या खेपेला मुलगी झाली तेव्हा तिला उकिरड्यावर ठेवून उचलून आणलं आणि नावही कचऱ्यावरूनच ठेवलं, मरणाचं लक्ष तिच्याकडे जाऊ नये म्हणून. खरं नाव वेगळं होतं. ती पाच वर्षांची होईपर्यंत ते कुणासमोर काढायचं नव्हतं. तांदूळ निवडताना बाईंनी ते मला हळूच सांगितलं. मी फारशी बोलत नाही, म्हणूनच सांगितलं असावं.

त्या नावाचा अर्थ इतका सुंदर होता की मी ते माझ्या गोष्टीतल्या मुलीला दिलं. गोष्टीत ती तापाने मरते. गोष्ट नागपूरच्या एका मासिकाकडे पाठवली आणि चौथ्या दिवशी बाई कामाला आल्या नाहीत. पोरीला ताप होता.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, तरी गोष्ट पोस्टात टाकल्यापासूनचे दिवस मी पुन्हा पुन्हा मोजले. ते मासिक गावात मास्तरीणबाईंकडे यायचं. दुपारी त्या बायकांना वाचून दाखवायच्या. गोष्ट छापून आली की ते नाव गावभर होणार होतं.

शेवटी मी बाईंच्या घरी गेले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी पोरीच्या कपाळावरची ओली पट्टी बदलली.

"गोष्टीत मरते का ते?"

मी हो म्हणून मान हलवली.

"काऊन मारलं तिले?"

वाचणाऱ्यांना रडू यावं म्हणून, हे मला तिथे बोलता आलं नाही.

"माह्या पोरीचं नाव वापस आणून दे ताई. बाकी मले काई म्हणाचं नाई."

गोष्ट न छापता परत पाठवा, असं मी संपादकांना पत्र लिहिलं. ताप उतरला, पोरगी अंगणात खेळू लागली, तरी रोज पोस्टमन येऊन जाईपर्यंत मी फाटकाशी उभी असायचे. अखेर पाकीट परत आलं. तसंच न फोडता मी ते बाईंकडे नेलं.

त्यांना वाचता येत नव्हतं. नाव जिथे जिथे होतं तिथे त्यांनी मला बोट ठेवायला लावलं, आणि कात्रीने तेवढाच तुकडा कापून घेतला. सगळे तुकडे पदराच्या गाठीत बांधले. मग पानं माझ्याकडे सरकवली.

"आता मार, कोणाले मारतं ते."

भोकं पडलेली ती पानं मी घरी आणली. त्या जागी घालायला वहीत नावं पुष्कळ होती. एकही लिहायची माझी हिंमत झाली नाही.