अकरा आठवड्यांची रजा

टोरांटोहून मुंबईला मी नोकरीच्या अनुभवाच्या एका पत्रासाठी गेले. इथल्या, म्हणजे कॅनडातल्या, कायम वास्तव्याच्या अर्जाला पगारी, पूर्णवेळ कामाचं सलग एक वर्ष लागतं. शिकताना केलेली माझी कामं तुटक, ती धरत नाहीत. माझं इथलं कामाचं परमिट एप्रिलमध्ये संपतंय. पूर्णवेळ नोकरी एकच, इथे येण्याआधीची: मुंबईत भोईवाड्यातलं, दाब मोजायची प्रेशर गेज तपासून देणारं वर्कशॉप, चौदा महिने. मालक तात्या ईमेल उघडत नाहीत.

उतरले दादरला मावशीकडे. "आईसारखीच सुकलीस," म्हणत तिने पानात दुसरा बांगडा वाढला. मी खाल्ला.

दादरहून भोईवाडा पायी अर्धा तास. टॅक्सीवाले इतक्या जवळ यायला कुरकुरतात, चालाच. वाटेत आई जिथे गेली ते हॉस्पिटल लागतं. मी पलीकडच्या फुटपाथने गेले.

असं पत्र आणणाऱ्यांसाठी: लेटरहेड, पद, कामांची यादी, आठवड्याचे तास, बिनपगारी रजा आणि शाईची सही हवी.

तात्यांनी सगळं लिहिलं. रजेपाशी पेन थांबलं.

"मधे अकरा आठवडे नव्हतीस गो तू."

"हो. ती रजा लिहिली, तर कदाचित सलग वर्ष धरणार नाहीत."

"मगे लिवतंय कित्याक? कोण बघूक येतलो हयसर?"

याच माणसाने काटा केसभर चुकला म्हणून मला एक गेज चार वेळा तपासायला लावलं होतं.

"तात्या, आहे तसं लिहा."

"मगे थंय रवतलंस कशी?"

"तिथे राहायचं कसं ते नंतर बघेन." मला एवढंच कळत होतं, की ते अकरा आठवडे मी गेजपुढे बसले होते असं लिहिलं, तर आईच्या उशाशी कोणीच नव्हतं असं होईल.

त्यांनी लिहिलं, सही केली. मग तारखा ताडून बघायला जुनं हजेरीबुक काढलं. बाकीच्यांच्या गैरहजेरीला फुली होती. माझ्या ओळीत त्या अकरा आठवड्यांच्या प्रत्येक चौकोनात बारीक अक्षरात 'आई'.

"खाडो मांडूक हात नाय गेलो माझो," ते म्हणाले.

परतून आठवडा झाला. ऑनलाइन पात्रता तपासणीत मी सलग महिने लिहिले: रजेआधीचे सात, नंतरचे साडेचार. निकाल अपात्र. एप्रिलनंतरचं काही ठरलेलं नाही.

हजेरीच्या त्या पानांचे फोटो फोनमध्ये आहेत. चौकोन मोजले. रविवार सोडून सहासष्ट. एकही सुटलेला नाही.