अंगणात लावायचं झाड

उभा जन्म बागेत राबलेल्या माणसाने स्वतःच्या दारचा बहावा तोडावा, याला काय म्हणायचं? पानगळीत झाड उघडं पडलं आणि म्हाताऱ्या माळ्याने ते वाळलं समजून कुऱ्हाडीने आडवं केलं. गल्ली त्याला अजून माळीबुवा म्हणे, पण बुवांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटत चालली होती.

लेक भडकली. "आई, पुन्हा कुऱ्हाड उचलली तर बाबांना संस्थेत ठेवणार. आज ते झाड होतं!"

माळीणबाईंनी कुऱ्हाड शेजारी देऊन टाकली आणि बुवांना घेऊन रोपवाटिका गाठली.

"पानं गळणारंच झाड द्या. थंडीत हे अंगणात उन्हाला बसतात," त्या म्हणाल्या. "पण फार दिवस उघडं राहणारं नको."

रोपवाटिकावाल्याला हे गिऱ्हाईक भलतंच वाटलं. "गुलमोहर न्या, झोकदार दिसतो."

"तो महिनोन् महिने खराट्यासारखा उभा असतो."

"मग ताम्हण?"

"त्याची पानं आधी लाल होतात. यांना वाटेल, रोग पडला."

"कांचन घ्या मग. पानं गळली की लगेच फुलतो."

फुललेल्या झाडाला मेलेलं कोण म्हणेल? बाईंचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात बुवा कांचनाच्या बिनपानांच्या रोपापाशी वाकले, खोडावर नख ओढलं.

"आत हिरवं आहे. जिवंत आहे हे."

आवाज अगदी पूर्वीचा, बागेतला. बाईंना भरून आलं. माणूस अजून ठिकाणावर आहे, आपण उगाच धास्तावलो, असं वाटलं त्यांना.

घरी बुवांनी खड्डा खणला, रोप लावून माती दाबली, झकास आळं केलं. बाई शेजारी टेकल्या. बुवांनी त्यांचा हात हातात घेतला. किती दिवसांनी! बाई या वयात चक्क लाजल्या.

बुवांनी बाईंच्या मनगटावर नख ओढलं. कोरड्या कातडीवर पांढरी रेघ उठली. त्यांनी वाकून पाहिलं आणि पुन्हा ओढलं, जोरात.

"वाळलंय," ते हळहळले. मग घराकडे तोंड करून त्यांनी बायकोला हाक मारली, "अगं ए, कुऱ्हाड आण!"

"आणते हं," बाई त्यांच्या शेजारूनच म्हणाल्या. आत गेल्या, दाराला कडी घातली आणि लेकीला फोन लावला.

"ये," त्या म्हणाल्या. "बाबांना घेऊन जा."